दाराचं तोरण आणि दोन चुका: तुमच्या आठवणी लिहा

जुईवेल
गेल्या रविवारी आईचं घर रिकामं केलं. इमारत रिडेव्हलपमेंटला गेलीय. ४१ वर्षांचा संसार दोन टेम्पोंत मावला. सगळे खाली उतरले, कुलूप लावायला मी एकटी मागे राहिले. दार ओढताना नजर वर गेली तर चौकटीला त्या दोन चुका. बाबांनी ठोकलेल्या. डावीकडची जरा वाकडी. ती ठोकताना हातोडी बोटावर बसली होती, मग त्यांनी ती तशीच सोडून दिली. तिला काळपट सुतळीचा वीतभर तुकडा, आणि त्यात आंब्याच्या पानाचा नुसता देठ अडकलेला.

दसऱ्याच्या आदल्या रात्री बाबा दाभण, सुतळी आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं घेऊन खाली बसायचे. आम्ही भावंडं झेंडूचे देठ खुडून द्यायचो. एक केशरी, एक पिवळं, मग पान. पान देठाशी दुमडून मगच ओवायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी फाटून खाली येतं, हे ते दरवर्षी नव्याने सांगायचे. भाताच्या लोंब्या दादरच्या फूलबाजारातून आणायचे, त्या बरोब्बर मधोमध. सकाळी अंघोळ करून स्टुलावर चढायचे आणि मी खालून "उजवीकडे अजून वर" सांगायचे. ते काम माझं. भावाला ते कधी मिळालं नाही.

बाबांना जाऊन ६ वर्षं झाली. नंतर आई तयार तोरण आणायची, पण बांधायची त्याच चुकांना.

सुतळी सोडवून पर्समध्ये ठेवली. चुका काही निघाल्या नाहीत. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. तुम्हीही लिहा ना. फुलांचं, मण्यांचं, कसलंही तोरण चालेल.

चहाबाज
ऑफिसच्या बसमध्ये वाचलं आणि डोळे भरून आले. आमच्याकडे 'उजवीकडे वर' हे आजोबा सांगायचे, दिसत नसतानाही. शेवटी शेवटी मोतीबिंदूने काहीच दिसत नव्हतं त्यांना, तरी आम्ही विचारायचोच.

कोकणकडा
आमच्यात दसऱ्याच्या तोरणापेक्षा नव्याचा मान मोठा. नवं बांधायचं असतं, पौर्णिमेला, कोजागरीच्या दिवशी. भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, वरी, कुरडूचं फूल, झेंडू, सगळं आंब्याच्या पानात धरून बांधायचं. एकच नाही करायचं हां. दाराला, देव्हाऱ्याला, गोठ्याला, विहिरीच्या रहाटाला, नांगराला. आजीची मोजणी सुरू व्हायची, ह्याला बांधलं का, त्याला बांधलं का. तिच्या शेवटच्या वर्षी तिने माझ्या सायकलला बांधायला लावलं. म्हणाली, ती पण तुला शाळेत नेते ना.

आता मुंबईत असतो. काका एसटीने येताना एक नवं वर्तमानपत्रात गुंडाळून आणतात. पोचेपर्यंत निम्मे दाणे कागदात गळलेले असतात. ते दाणे मी फेकत नाही, डब्यात आहेत.

निळी सायकल
आमचं तोरण शेळीने खाल्लं होतं 😄 दसऱ्याच्या दिवशीच. आम्ही आत आरती करतोय आणि बाहेर ही मागच्या दोन पायांवर उभी. पानं खाल्ली, झेंडू खाल्ला, सुतळी ठेवली. आजोबा म्हणाले लक्ष्मी जेवून गेली, कोणी तिला मारायचं नाही.

चहाबाज
@निळी सायकल, आजोबा फार आवडले

सात मजले
मध्येच विचारते, माफ करा. नव्या घराला लॅमिनेटचं दार आणि बाहेर सेफ्टी डोअर. खिळा मारायचा नाही असं घरमालकाने बजावलंय. तोरण अडकवायचं कुठे?

हातोडी
@सात मजले सेफ्टी डोअर लोखंडी असेल तर चुंबकाचे हुक घ्या. ॲल्युमिनियमचं असेल तर चुंबक धरणार नाही, आधी फ्रिजवरचं एखादं चुंबक लावून बघा. चिकटवायचे हुक लावणार असाल तर जागा कोरडी पुसा, हुक लावा आणि एक दिवस रिकामाच राहू द्या. लगेच वजन दिलं की पडतो. ओल्या फुलांचं तोरण वाटतं त्यापेक्षा जड असतं.

काळी माती
मी झेंडूवाल्या घरातली. आमच्या दाराला दसऱ्याला तोरण असायचं ते उरलेल्या फुलांचं. चांगली फुलं आदल्या दिवशीच गाडीत गेलेली असायची.

लोकांना वाटतं झेंडू म्हणजे दसऱ्याला सोन्याचा भाव. एखाद्या वर्षी मिळतो. पण सगळ्यांनी दसरा धरूनच लागवड केलेली असते, त्यामुळे सगळ्यांचा माल एकाच दोन दिवसांत बाजारात उतरतो. त्यात आदल्या आठवड्यात पाऊस झाला की फूल पाणी धरतं, काळं पडतं. एका वर्षी भाऊ आणि वडील टेम्पो घेऊन गेले, रात्रभर बाजारात बसले आणि दुपारी १० रुपये किलोनेही कोणी घेईना. तोडणीची मजुरी आणि भाडंसुद्धा सुटलं नाही. परत आणायला पुन्हा भाडं पडतं म्हणून माल तिथेच ओतून आले. वडील घरी आले, हातपाय धुतले आणि आईला म्हणाले, दाराला काही बांधलं का? आईने बांधलं नव्हतं. मग त्यांनी स्वतः टेम्पोच्या फळीत अडकलेली चारपाच फुलं काढली आणि पानांत ओवून बांधली.

मी तेव्हा आठवीत होते. आजही फुलं घेताना मी भाव करत नाही. तुम्हीही शक्य असेल तर संध्याकाळी उशिरा जाऊन पाडून मागू नका. त्या वेळी समोरचा माणूस नुसता घरी जायचा रस्ता शोधत असतो.

जुईवेल
@काळी माती, काय लिहू. फळीतली फुलं... आईला वाचून दाखवलं. ती म्हणतेय तुझ्या वडिलांना नमस्कार सांग.

काळी माती
सांगते ताई. आता ते शेवंती करतात, जरा बरं चाललंय.

वऱ्हाडी ठेचा
आमच्या आत्यानं काचेच्या नळ्यांचं तोरण केलं होतं, मधात 'सुस्वागतम्' लिवलेलं. अख्खा उन्हाळा गेला तिचा. वारा आला की किणकिण वाजायचं. त्या आवाजावरून आम्हाला कळायचं की दार उघडलं, अन् आम्ही अभ्यासाले बसायचो. 'त'चा पाय तुटला होता, पण कोणी बदलू नाही दिलं.

पानगळ
सगळ्यांना हात जोडून एक विनंती. सोसायटीच्या आंब्याचे शेंडे ओरबाडू नका. मोहोर शेंड्यालाच येतो. ऑक्टोबरमध्ये शेंडे मोडले की त्या फांदीवर जानेवारीत काय येणार? आतल्या बाजूची जून, गडद पानं एकेक करून खुडा. तोरणाला तीच चांगली, जाड असतात आणि वाळली तरी आकार धरतात. कोवळी तांबूस पानं दुपारपर्यंत मान टाकतात. आमच्या झाडाची दरवर्षी जी दशा होते ती बघून मी दसऱ्याला सकाळी सहापासून खाली उभी असते.

सात मजले
@हातोडी लोखंडी निघालं! चुंबक बसला 🙏

संध्याछाया
लिहू की नको असा दोन दिवस विचार केला.

हे गेले तेव्हा मुलगी ९ वर्षांची. पहिलं वर्ष कुठलाच सण नव्हता. दुसऱ्या वर्षी दसऱ्याला मी फुलं आणली, ओवायला बसले, तर घरातल्या मोठ्या बाईंनी माझ्या हातातून दाभण काढून घेतली. बोलल्या काहीच नाहीत. नुसती काढून घेतली. मी आत जाऊन कणीक मळत बसले. जाऊबाईंनी तोरण पूर्ण केलं, त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, त्यांना दोष नाही.

पुढची चार वर्षं मी दाराकडे बघायचेच नाही त्या दिवशी. मग मुलीची नि माझी वेगळी खोली झाली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी लेक शाळेतून आली ती फुलांची पिशवी घेऊनच. तिच्या खाऊच्या पैशांची. म्हणाली, आई मला ओवता येत नाही, तू ओव, मी बांधते. मी ओवलं. बोटं विसरली नव्हती.

पानगळ
ताई 🙏

कोकणकडा
ताई, लेकीला आशीर्वाद. माझ्या मावशीचंही असंच झालं होतं. तिला शेवटपर्यंत कोणी दाभण परत दिली नाही.

रानवाटा
@संध्याछाया, ताई, एक सांगावंसं वाटतं. झेंडू मुळात आपला नाहीच, मेक्सिकोचा. पोर्तुगिजांच्या काळात इकडे आला. आणि तिकडे १ आणि २ नोव्हेंबरला लोक गेलेल्या माणसांसाठी हाच केशरी झेंडू मांडतात. त्यांना घरची वाट सापडावी म्हणून पाकळ्यांची ओळ घालत दारापासून आतपर्यंत नेतात. तिथे ज्याचं माणूस गेलंय त्याच्या हातात हे फूल आधी जातं.

संध्याछाया
हे मला माहीत नव्हतं. लेकीला पाठवलं. ती आता २६ची आहे, पुण्यात असते.

बर्फाळ सकाळ
अमेरिकेतून. इथे आंब्याचं पान कुठून आणणार, म्हणून मी डिसेंबरमध्ये शेजारणीसारखं दाराला रीथ लावते. सुचीपर्णी फांद्या गोल वळवून केलेलं कडं असतं. थंडीत बाकीची झाडं उघडी पडतात पण ह्या फांद्या हिरव्या राहतात, म्हणून त्या. पहिल्यांदा लावलं तेव्हा सवयीने वर हळदकुंकू लावलं होतं.

एका वर्षी काढायचा कंटाळा केला आणि एप्रिलपर्यंत तसंच राहिलं. एक दिवस दार उघडलं तर फर्रकन काहीतरी उडालं. हाउस फिंचने घरटं केलेलं, चार अंडी, फिकट निळी. इथे १९१८पासून कायदा आहे, अशा पक्ष्यांचं अंडी असलेलं घरटं हलवता येत नाही. आम्ही महिनाभर गॅरेजमधून ये-जा केली. दारावर चिठ्ठी, कृपया बेल वाजवू नका, बाळंतीण आहे. मराठीत आणि इंग्रजीत. सासूबाई आल्या होत्या भारतातून, त्या रोज खिडकीतून बघून फोनवर सगळ्या नातेवाईकांना बातमी द्यायच्या. शेवटचं पिल्लू उडालं त्या दिवशी त्यांनी शिरा केला.

निळी सायकल
बाळंतीण आहे 😍 आमची शेळी तिथे पाठवायची नाही हं

एल्बेकाठ
@बर्फाळ सकाळ मी जर्मनीत. इथे दारावर एक असतं आणि टेबलावर दुसरं, चार मेणबत्त्यांचं. दर रविवारी एक पेटवायची, नाताळ येईपर्यंत. ते आमच्याच गावचं, हॅम्बुर्गचं. १८३९मध्ये विखर्न नावाच्या पाद्र्याने अनाथ, गरीब मुलांसाठी केलं होतं. मुलं रोज विचारायची नाताळ कधी, म्हणून त्याने लाकडी चाकावर मेणबत्त्या लावून दिवस मोजायला दिले. माझी मुलगी दिवाळीला तसंच पणत्यांचं करते. किती दिवस राहिले विचारून जीव खाते ना, म्हणून.

वऱ्हाडी ठेचा
पणत्यायची आयडिया भारी हाय. पोरासाठी करतो.

हातोडी
@जुईवेल, ताई, परत वाचलं. चुका काढत बसू नका, जुन्या सागात गंजून धरलेल्या असतात, मुंडी तुटेल. चौकटीची वरची आडवी पट्टीच मागून घ्या. पाडकाम करणारे चौकटी आधी काढतात, त्या विकायच्या असतात. त्याच्या आत सांगा.

जुईवेल
@हातोडी खरंच असं देतात?

हातोडी
विचारून बघा. आजच जा.

काळी माती
ताई जा. 

जुईवेल
आत्ता घरी आले.

पोचले तेव्हा आमच्या मजल्यावरच्या चौकटी काढून झाल्या होत्या. जिन्याखाली थप्पी लावलेली, आठदहा सारख्याच. तिथल्या मुकादमाला सांगितलं, वडिलांनी ठोकलेले खिळे आहेत एकीला. तो काही बोलला नाही, दोन माणसांना हाक मारली आणि एकेक चौकट बाजूला करायला लावली. सहावी आमची. वाकड्या चुकेवरून ओळखली. त्याने वरची पट्टी करवतीने कापून दिली, पैसे घेईना. शेवटी चहाला म्हणून हातात ठेवले. साडेतीन फूट आहे, रिक्षात आडवी बसेना. भाऊ शेजारी उभी धरून बसला आणि पूर्ण रस्ताभर कोणाशी बोलला नाही.

आता आईच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलीय. आई मधूनमधून हात लावून बघतेय.

चहाबाज
चुका शाबूत आहेत ना?

जुईवेल
आहेत. दोन्ही.