घरचे स्प्रिंकल्स : मऊ का राहतात?

ख्रिसमसच्या कुकीजसाठी घरी केलेले स्प्रिंकल्स (वरून भुरभुरवायचे साखरेचे रंगीत तुकडे) रात्रभर सुकवूनही मऊच राहिले असतील, तर माझ्या मते त्यात पाणी किंवा लिक्विड कलर जास्त झालाय. जेल कलरच (घट्टसर खायचा रंग) घ्या, टूथपिकच्या टोकावर येईल तेवढा पुरतो. १२० ग्रॅम आयसिंग शुगरला २ टीस्पून मेरिंग पावडर (अंड्याच्या पांढऱ्याची सुकी पावडर) आणि साधारण ४ टीस्पून पाणी, पण पाणी एकदम ओतू नका, थेंबथेंब वाढवा. हे मिश्रण बारीक नोझलच्या पिशवीत भरून बटर पेपरवर एक रेघ ओढून बघा, ती गोल उभी राहिली पाहिजे, चपटी होऊन पसरली तर थोडी साखर वाढवा आणि ओढताना शेपटासारखी तुटत असेल तर पाण्याचा एखादा थेंब.

साखर मात्र दोनदा चाळाच प्लीज, बारीक नोझलमधे एक गुठळी अडकली की पिशवी दाबून दाबून हात भरून येतात आणि मग ती फुटतेच!

हवा दमट असेल तर २४ तास सहज लागतात. पंख्याखाली ठेवा, ओव्हन तापवून सुकवायच्या फंदात पडू नका, रंग उडतो. रेघ कट्टकन तुटली की झालं, मग सुरीने हवे तेवढे तुकडे करा.

कच्चं अंड्याचं पांढरं मी लहान मुलांसाठी तरी वापरणार नाही, मेरिंग पावडर पाश्चराइज्ड असते म्हणून तीच बरी. आणि फ्रिजमधे अजिबात ठेवू नका, बाहेर काढल्यावर ओल धरतात आणि गडद लाल रंग पांढऱ्या आयसिंगवर उतरतो. घट्ट झाकणाच्या बरणीत, उन्हापासून लांब ठेवले की महिनोन्महिने टिकतात.