हॉटस्पॉटऐवजी केबल वापरून पाहावी

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडला की दर काही मिनिटांनी इंटरनेट तुटते, या आपल्या तक्रारीवर फोन बदलण्याचा सल्ला अनेकांनी दिला आहे. तो मला घाईचा वाटतो. दादरला आमच्या चाळीत वाय-फायची यादी उघडली की शेजाऱ्यांची वीसेक नावे दिसतात, आणि वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल, म्हणजे लहरींचे वेगवेगळे मार्ग, जेमतेम ३ असल्यामुळे ही सगळी यंत्रे एकमेकांच्या आड येतात. फोन आणि लॅपटॉप दोन्हींत सोय असेल, तर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झ निवडावे. त्याहून खात्रीचा मार्ग यूएसबी टेदरिंगचा, म्हणजे फोनचे इंटरनेट केबलने लॅपटॉपला देण्याचा. अँड्रॉइड फोनमध्ये केबल जोडल्यावरच तो पर्याय उजळतो. फिकटच राहिला तर केबल बदलून पाहावी, कारण काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, आणि माझी एक संपूर्ण संध्याकाळ अशाच एका केबलपायी गेली आहे. फोन खिडकीच्या कठड्यावर ठेवल्यास रेंजही सहसा सुधारते. विंडोज असेल तर हे कनेक्शन ‘मीटर्ड’, म्हणजे मोजक्या डेटाचे, म्हणून नोंदवायला मात्र कृपया विसरू नका, नाहीतर अपडेट उतरवण्यातच दिवसभराचा डेटा संपून जाऊ शकतो.