महिन्याला २०० बोर्ड: टेबलावरचे पिक अँड प्लेस की जुने जपानी?

मिलीओहम:
सर्किट बोर्डावर कंपोनंट ठेवणारे पिक अँड प्लेस यंत्र घ्यायचे आहे. चार डिझाइन, प्रत्येकाचे महिन्याला ५० बोर्ड. एका बोर्डावर साधारण १२० कंपोनंट, ३५ प्रकारचे. बहुतेक ०६०३ आकाराचे, थोडे त्याहून लहान ०४०२, शिवाय ०.५ मिमी पिचचा (पॅडमधले अंतर) एक क्यूएफएन, म्हणजे पाय बाहेर नसलेली, पोटाखाली पॅड असलेली चिप. समोर दोन पर्याय आहेत: चार्महायच्या टी-३६ सारखे, कंपोनंट उचलणाऱ्या दोन हेडचे छोटे यंत्र, किंवा वापरलेले जपानी जुकी केई-२०५०. माझा कल छोट्याकडे आहे. २०० गुणिले १२० म्हणजे २४,००० प्लेसमेंट. ताशी दोन हजार धरले तरी बारा तासांत महिन्याचे काम उरकते. मग एवढे मोठे धूड कशाला? विरोधी मते हवी आहेत, पण कारणांसकट.

फीडर_बँक:
असहमत. तुम्ही फक्त हेडचा वेळ मोजला, कंपोनंटच्या टेपचे रीळ चढवायचा मोजलाच नाही. एका रिळाला पाच मिनिटे धरा: टेप ओवणे, कव्हर टेप सोलून गुंडाळणे, पिकची जागा कॅमेऱ्यात तपासणे. ३५ रिळांचे तीन तास, चार डिझाइनचे बारा. म्हणजे जितका वेळ यंत्र चालणार, तितकाच ते उभे राहणार. त्यातून टी-३६ ला जागा २९ रिळांची. उरलेल्या सहा प्रकारांसाठी सोल्डर पेस्ट लावलेला बोर्ड तसाच ठेवून मध्येच रिळे बदलायची, आणि तोवर पेस्ट सुकत राहणार.

जुकीचे फीडर (रीळ धरून टेप पुढे सरकवणारे भाग) सुटे असतात. पहिला लॉट चालू असताना पुढचा संच बाजूच्या टेबलावर भरून ठेवता येतो. म्हणून यंत्राच्या किमतीआधी सोबत किती फीडर मिळतात ते विचारा. साठाच्या खाली असतील तर सोडून द्या. प्रत्येक फीडरचा पिचही पाहा. टेपमध्ये ०६०३ चे खिसे दर ४ मिमीवर असतात, ०४०२ चे दर २ मिमीवर. ४ मिमीच्या फीडरमध्ये ०४०२ घातले तर एकाआड एक कंपोनंट वाया जातो, आणि रीळ अर्ध्यावर का संपले ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

बारीक_नोझल:
फीडरबद्दल अगदी बरोबर, पण म्हणून जुने यंत्र घ्या हे पटत नाही. रिळे बदलायची वेळच कमी आणा. चारही डिझाइनची यादी शेजारी ठेवा. ४.७के आणि १०के (किलो-ओहम) पुल-अप रेझिस्टर दोन्ही खरेच लागतात का? डीकपलिंगला (चिपचा वीजपुरवठा स्थिर ठेवायला) सगळीकडे एकच १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर चालेल का? ०४०२ पूर्ण काढून ०६०३ वर या. वीसेक रिळे कायमची बसली की दर लॉटला पाच-सहाच बदलावी लागतात.

जुन्या यंत्राचा बाकी पसारा कुणी सांगत नाही. वजन टनाच्या वर, थ्री-फेज, पाच बारची कोरडी हवा. पावसाळ्यात ड्रायर नसेल तर कॉम्प्रेसरचे पाणी कंपोनंट ओढून धरणाऱ्या व्हॅक्यूम इजेक्टरपर्यंत जाते, ओढ कमी होते आणि कंपोनंट वाटेतच गळतात. शिवाय लेझरने कंपोनंटचे केंद्र शोधणाऱ्या हेडला फक्त बाह्याकार कळतो, क्यूएफएनच्या पोटाखालचे पॅड दिसत नाहीत. त्यासाठी खालून बघणारा कॅमेराच लागतो.

छोट्या यंत्राचे दोष आहेतच. पिनने टेप ओढणाऱ्या प्रकारात सोलणारी मोटर पिनपेक्षा जोरात ओढते, टेपला हिसका बसतो आणि ०४०२ खिशात उभा राहतो किंवा उडतो. सोलण्याची ताकद आणि पिनचा वेग दोन्ही कमी करा, एका वेळी एकच खिसा उघडा राहू द्या. उंचीही प्रत्येक प्रकाराची वेगळी भरा. ०६०३ रेझिस्टर ०.४५ मिमी, कपॅसिटर ०.८ मिमीच्या आसपास. दोन्हींना ०.८ भरले की रेझिस्टर पेस्टच्या वरच सुटतो आणि सरकतो, दोन्हींना ०.४५ भरले की कपॅसिटर पेस्ट दाबून बाहेर काढतो, मग रिफ्लोत (भट्टीत पेस्ट वितळवताना) सोल्डरचे मणी मिळतात.

स्टेन्सिल_बारा:
दोन्ही नको. एवढेसे काम बाहेर जॉबवर्कला द्या. त्यांना द्यायच्या किटमध्ये ०६०३ प्रत्येकी ५०-१०० जादा द्या, सलग टेप द्या, तुकडे नकोत.

मिलीओहम:
डिझाइन पक्के असते तर तेच केले असते. चारपैकी दोन बोर्ड अजून बदलताहेत आणि दहा नगांसाठीही सेटअपचे पूर्ण पैसे लागतात. ०४०२ काढण्याची सूचना मान्य. पण क्यूएफएन राहणारच, आणि केई-२०५० बहुतेक लेझरवालेच मिळते. म्हणून छोटेच पाहतो.

फीडर_बँक:
क्यूएफएनचा मुद्दा मान्य. पण मग जागा २९ नको, ५० च्या आसपासची बघा. नाहीतर महिन्याभरात पुन्हा रिळे उपसत बसाल. आणि विक्रेत्याच्या नमुना बोर्डावर विश्वास ठेवू नका. आपला कोरा बोर्ड आणि आपली रिळे घेऊन जा. बोर्डावर दुहेरी चिकटपट्टी लावा, पेस्ट लागत नाही. एकच क्यूएफएन ०, ९०, १८० आणि २७० अंशांत लावायला सांगा आणि भिंगातून पाहा. चारही वेळा चूक बोर्डाच्या एकाच दिशेला असेल तर फिड्युशियल (जागा जुळवायच्या बोर्डावरच्या खुणा) किंवा ऑफसेट सुधारून भागेल. चूक कोनाबरोबर फिरत असेल, तर कंपोनंट उचलणाऱ्या नोझलचा अक्ष आणि कॅमेऱ्याचे केंद्र जुळलेले नाहीत. ते तिथेच जुळवून दाखवले तरच आगाऊ रक्कम द्या.