आपापल्या चलनात व्यापार: करार होतात, मग गाडी नेमकी कुठे अडते?

पाणलोट:

दोन विकसनशील देश जाहीर करतात की यापुढे आपसातला व्यापार डॉलरऐवजी आपापल्या चलनात करू. सह्या होतात, बँकांची नावं ठरतात, पहिली खेप रवाना झाल्याची बातमी येते. दोन-तीन वर्षांनी बघावं तर एकूण व्यापारात त्याचा वाटा नगण्य. अमेरिकेचा दबाव हे ठरलेलं कारण दिलं जातं. पण भारत-बांगलादेश किंवा ब्राझील-अर्जेंटिना यांच्या व्यापारावर कुणाचे निर्बंध नाहीत, तरी तिथेही तेच.

राजकारण क्षणभर बाजूला ठेवून मला यंत्रणा समजून घ्यायची आहे. बिल रुपयात झालं तर पैसे प्रत्यक्षात कुठून कुठे जातात? परदेशातल्या विक्रेत्याच्या हातात शेवटी काय पडतं? आणि एकाची निर्यात जास्त, दुसऱ्याची कमी असेल तर उरलेल्या रकमेचं काय होतं?

रोजकीर्द:

रुपया भारताबाहेर जातच नाही. एवढं मनात पक्कं बसलं की पुढचं कोडं बरंचसं सुटतं.

रिझर्व्ह बँकेच्या ११ जुलै २०२२ च्या परिपत्रकाने ही सोय सुरू झाली. भागीदार देशातली बँक भारतीय बँकेत 'विशेष रुपया व्होस्ट्रो' खातं उघडते. ती बँक एफएटीएफ या काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अतिजोखमीच्या यादीतल्या देशाची नाही ना, हे भारतीय बँकेने तपासायचं. सुरुवातीला अशा खात्यांसाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी आधी घ्यावी लागे, ऑगस्ट २०२५ मध्ये ती अट काढली.

आता समजा, भारतीय आयातदाराने ८० लाख रुपयांचा माल मागवला आणि बिल रुपयात आहे. तो आपल्या बँकेत ८० लाख भरतो, ते परदेशी बँकेच्या व्होस्ट्रो खात्यात जमा होतात. तिकडे ती परदेशी बँक आपल्या निर्यातदाराला त्याच्या देशाच्या चलनात पैसे देते, स्वतःच्या तिजोरीतून. विक्रेता मोकळा झाला. ८० लाख रुपये मात्र त्या बँकेच्या नावावर भारतातच पडून आहेत. उद्या तिथल्या कुणी भारतातून माल मागवला की तो आपल्या बँकेत स्थानिक चलन भरेल आणि बँक याच खात्यातून भारतीय निर्यातदाराला रुपये देईल.

म्हणजे सगळा खेळ त्या परदेशी बँकेवर उभा आहे. तिला हे रुपये पुढे घेणारं गिऱ्हाईक आपल्या देशात मिळालं तर ती आनंदाने असे व्यवहार करेल. नाही मिळालं तर आपल्या निर्यातदाराला दर पाडून देईल किंवा सरळ सांगेल की डॉलरमध्ये बिल करा.

करार लिहिताना सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो भाव आणि भरणा यांची सरमिसळ झाल्याने. भाव कोणत्या चलनात ठरला आणि पैसे कोणत्या चलनात दिले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १४ ऑगस्ट २०२३ ला इंडियन ऑइलने अबुधाबीच्या ॲडनॉक या तेल कंपनीकडून घेतलेल्या दहा लाख बॅरल कच्च्या तेलाचे पैसे रुपयात दिले. पण खनिज तेलाचे जागतिक भाव डॉलरमध्येच ठरतात. अशा वेळी करारात हुंडणावळीचं, म्हणजे विनिमयदराचं, कलम नीट नसेल तर भांडण ठरलेलं: दर कुणी जाहीर केलेला, कोणत्या दिवसाचा (माल चढवल्याच्या की पैसे भरल्याच्या), त्या दिवशी बाजार बंद असेल तर आदल्या दिवसाचा की नंतरचा. एक लाख डॉलरच्या मालावर दर ८४ वरून ८६ झाला तर दोन लाख रुपयांचा फरक पडतो. तो कुणाच्या माथी, हे आधीच लिहून ठेवलेलं बरं.

निर्यातदारांसाठी आणखी एक. रुपयात आलेल्या पैशावर निर्यात प्रोत्साहनाचे लाभ मिळतात, परकीय व्यापार महासंचालनालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तशी दुरुस्ती केली. पण पैसे याच चौकटीतून आलेले असावे लागतात. भलत्याच खात्यातून रुपये आले तर निर्यात होऊनही लाभ अडकतो.

हुंडीवाला:

रोजकीर्द यांनी वाट दाखवली, मी पाणी कुठे तुंबतं ते सांगतो. माझ्या मते नव्वद टक्के उत्तर व्यापाराच्या असमतोलात आहे. तो दोन प्रकारांनी नडतो.

एक प्रकार बांगलादेशचा. रुपयातला व्यापार ११ जुलै २०२३ ला सुरू झाला. भारताकडून स्टेट बँक आणि आयसीआयसीआय, तिकडून सोनाली बँक आणि ईस्टर्न बँक. २०२२-२३ मध्ये भारताची बांगलादेशला निर्यात होती सुमारे १२ अब्ज डॉलर, आयात सुमारे २ अब्ज. बांगलादेशला रुपये मिळणार ते भारताला माल विकूनच. म्हणजे अगदी प्रत्येक व्यवहार रुपयात झाला तरी दोन अब्ज डॉलरच्या तोलाचेच रुपये खात्यात येतील. उरलेल्या दहा अब्जांसाठी डॉलरच लागणार. इथे खातं कोरडं पडतं.

दुसरा प्रकार रशियन तेलाचा. रशिया विकसनशील गटातला नाही, पण उदाहरण फार बोलकं आहे. भारताची खरेदी अवाढव्य, विक्री किरकोळ. मे २०२३ मध्ये गोव्यात रशियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी उघडपणे सांगितलं की भारतीय बँकांत त्यांचे अब्जावधी रुपये साचले आहेत आणि ते वापरायचे तर दुसऱ्या चलनात बदलावे लागतील. इथे खातं ओसंडून वाहतं.

साचलेल्या रुपयांचं काय करता येतं? परिपत्रकाने वाटा ठेवल्या आहेत: भारतातले प्रकल्प आणि गुंतवणूक, आगाऊ रकमा, सरकारी रोखे आणि ट्रेझरी बिलं. ऑगस्ट २०२५ मध्ये शिल्लक केंद्र सरकारच्या रोख्यांत गुंतवण्याची वाट आणखी मोकळी केली. व्याज मिळतं, हे खरं. पण रोख्यात गुंतवलेल्या रुपयांतून तिसऱ्या देशाचा गहू किंवा यंत्रं विकत घेता येत नाहीत, आणि बहुतेक विकसनशील देशांची खरी निकड तीच असते.

आता संयुक्त अरब अमिरातीचा दिरहॅम बघा. १९९७ पासून तो डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. दिरहॅम साठले म्हणून कुणाची झोप उडत नाही, हवे तेव्हा डॉलर करता येतात. रशियन तेलाच्या काही व्यवहारांत दिरहॅम आला तो याच कारणाने.

इराणचं प्रकरण तर या विषयाचा पाठच आहे. २०१२ पासून तेलाच्या रकमेतला ४५ टक्के वाटा युको बँकेतल्या रुपया खात्यात जमा होऊ लागला. त्यातून इराण भारताचा बासमती, चहा, औषधं घेई. अनेक वर्षं छान चाललं. मे २०१९ मध्ये इराणवरच्या निर्बंधांतून अमेरिकेने दिलेली सवलत संपली, भारताने इराणी तेल घेणं थांबवलं आणि खात्यात येणारा झराच आटला. शिल्लक संपत गेली तशी बासमती आणि चहाच्या निर्यातदारांची देणी रखडू लागली. खरेदीदार तोच, मालही तोच, फक्त खात्यात रुपये नाहीत. अशा व्यवस्थेत माल विकणाऱ्याने समोरच्याची पत तपासून भागत नाही. त्या खात्यात पैसे कोणत्या मालाच्या जोरावर येतात, हेही बघावं लागतं.

पाणलोट:

आता चित्र स्पष्ट झालं. पण मग दोनच देशांनी का करायचं? आठ-दहा देश एकत्र आले, सगळ्यांची देणी-घेणी एका वहीत मांडली, तर एकाची तूट दुसऱ्याच्या शिलकीत जिरणार नाही का?

ताळेबंद:

जिरते, पण पूर्ण नाही. आधी आकडे मांडून बघू. 'अ' चं 'ब' ला देणं ५०, 'ब' चं 'क' ला ४०, 'क' चं 'अ' ला ४५. सुटे व्यवहार केले तर १३५ डॉलर हलवावे लागतील. एका वहीत मांडले तर 'अ' ने ५ द्यायचे, 'क' ने ५ द्यायचे आणि 'ब' ला १० मिळायचे. १३५ चं काम १० वर आलं.

अशा वजावटीला समाशोधन म्हणतात. आशियाई समाशोधन संघ नेमका याच कल्पनेवर डिसेंबर १९७४ मध्ये स्थापन झाला. मुख्यालय तेहरान. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, म्यानमार, इराण, भूतान, मालदीव असे सदस्य. दर दोन महिन्यांनी हिशेब होतो आणि निव्वळ देणं परकीय चलनात चुकतं करायचं असतं. दोन महिने उधारी मिळते, ही सदस्यांची मोठी सोय.

पण वरच्या उदाहरणात मी एक लबाडी केली आहे. तिथे सगळे जवळपास बरोबरीत आहेत. एखादा सदस्य सगळ्यांनाच देणं लागत असेल तर त्याचं काहीच वजा होत नाही, फक्त बिल दोन महिने पुढे जातं. श्रीलंकेचं तेच झालं. जानेवारी २०२२ मध्ये तिचं या संघातलं ५० कोटी डॉलरहून अधिक देणं भारताने पुढे ढकलू दिलं, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये श्रीलंकेच्या मध्यवर्ती बँकेने आपल्या बँकांना संघामार्फत व्यवहार थांबवायला सांगितलं. समाशोधनाची यंत्रणा नकळत कर्जाची यंत्रणा होते ती अशी. त्यातून ज्याचं येणं असतं तो देश अडकतो. राजकारणानेही हात दाखवला आहेच: डिसेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने इराणचे तेलाचे पैसे या वाटेने देणं बंद केलं.

ब्राझील-अर्जेंटिनाची स्थानिक चलन व्यवस्था ऑक्टोबर २००८ पासून आहे. तिथे बिल निर्यातदाराच्या चलनात होतं. दोन्ही देशांच्या डॉलर-संदर्भदरांवरून ब्राझीलचा रेआल आणि अर्जेंटिनाचा पेसो यांचा दर काढतात आणि मध्यवर्ती बँका निव्वळ फरक डॉलरमध्ये चुकता करतात. छोट्या निर्यातदाराचं परकीय चलनाचं झंझट आणि बँकेचा खर्च वाचतो, त्यासाठी ती चांगली आहे. पण विनिमयदराची जोखीम आयातदारावर पडते आणि दोन्ही देशांच्या बँकांना डॉलरच्या खरेदी-विक्रीत जो नफा मिळतो तो इथे मिळत नाही, त्यामुळे त्या ग्राहकाला ही वाट सुचवतच नाहीत. हे कारण लोक विसरतात.

आफ्रिकी देशांत आपापल्या चलनात पैसे पाठवण्याची पॅप्स ही प्रणाली जानेवारी २०२२ मध्ये घानातल्या अक्रा इथे सुरू झाली. १२० सेकंदांत पैसे पोचवायचे असा तिचा दावा. वेग ही चांगलीच गोष्ट आहे, पण ज्या मध्यवर्ती बँकेची गंगाजळी आटली आहे तिला वेगाने दिलासा मिळत नाही.

दर्यावर्दी:

हुंडीवाला यांच्या 'नव्वद टक्के असमतोल' या म्हणण्याला माझी हरकत आहे. समतोल असूनही गाडी अडते, कारण दोन चलनांचा थेट बाजारच नसतो. मध्यवर्ती बँकांची बँक असलेल्या बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या २०२२ च्या पाहणीत जगातल्या परकीय चलनाच्या ८८ टक्के व्यवहारांत एका बाजूला डॉलर होता. रुपयातून थेट इंडोनेशियाचा रुपिया किंवा अर्जेंटिनाचा पेसो हवा म्हटलं तर दर सांगणाराच भेटत नाही. बँक आतल्या आत रुपया-डॉलर आणि डॉलर-पेसो असे दोन सौदे करते आणि दोन्हीकडची कसर ग्राहकाकडून घेते. कागदावर डॉलर दिसत नाही, खर्चात असतोच.

यावर सर्वांत विचारपूर्वक काम केलंय ते इंडोनेशिया, मलेशिया आणि थायलंड यांनी. जानेवारी २०१८ पासून त्यांनी ठरावीक बँकांना 'नियुक्त परस्पर-चलन विक्रेते' म्हणून नेमलं. या बँकांनी एकमेकांत खाती उघडायची, बाथ-रिंगिट किंवा रुपिया-रिंगिट (बाथ थायलंडचा, रिंगिट मलेशियाचा) असा थेट दर सांगायचा आणि पुढच्या तारखेचा दर बांधून द्यायचा. मलेशियात रिंगिटच्या परदेशी व्यवहारांवर १९९८ पासून कडक बंधनं आहेत, म्हणून या बँकांपुरते नियम सैल केले. आपल्याकडच्या चर्चेत दर बांधून देण्याचा भाग कायम मागे पडतो. साठ दिवसांनी पैसे भरणाऱ्या आयातदाराला आजच दर पक्का करून मिळाला नाही, तर तो डॉलरकडेच परत जाणार, कारण तिथे ती सोय आयती आहे.

या तिघांना एक गोष्ट अनुकूल होती, ती मान्य: त्यांच्यात कारखानी माल आणि सुटे भाग दोन्ही दिशांनी फिरतात.

हुंडीवाला:

मान्य, नव्वद हा आकडा जरा ताणलाच. पण तुमची शेवटची ओळ माझ्याच बाजूची आहे. थेट बाजार उभा राहतो तो दोन्हीकडून गिऱ्हाईक असेल तिथेच.

पाणलोट:

एकच राहिलं. मध्यवर्ती बँकांचे चलन-अदलाबदलीचे करार, ज्यांना सगळे स्वॅप म्हणतात, ते या असमतोलावर उपाय आहेत का?

रोजकीर्द:

तात्पुरता. स्वॅप म्हणजे मुदतीचं कर्जच. उचल केली की व्याज लागतं आणि मुदत संपली की परत करावं लागतं.

चीन-अर्जेंटिना करार २००९ चा, ७० अब्ज युआनचा, पुढे तो वाढला. २०२३ मध्ये दुष्काळाने अर्जेंटिनाची डॉलरची आवक घटली तेव्हा चिनी आयातीचे पैसे तिने युआनमध्ये दिले आणि जूनअखेर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हप्त्याचा काही भागही युआनमध्ये भरला. हे शक्य झालं कारण नाणेनिधी युआन स्वीकारतो आणि चीनकडून घेण्यासारखा माल भरपूर आहे. तरी देणं मिटलं नाही, फक्त सावकार बदलला.

भारताने सार्क देशांसाठीच्या २०२४-२७ च्या स्वॅप चौकटीत दोन कप्पे वेगळे ठेवले: डॉलर-युरोसाठी २ अब्ज डॉलर आणि रुपयासाठी २५ हजार कोटी. ऑक्टोबर २०२४ मध्ये मालदीवला ४० कोटी डॉलर आणि ३ हजार कोटी रुपये अशी दोन्ही कप्प्यांतून सोय मिळाली. ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते. भारताकडून येणारं धान्य, औषधं, बांधकामाचं सामान यासाठी रुपये चालतात. बाकीच्या जगाचं देणं भागवायला डॉलर लागतात. दोन गरजा वेगळ्या मोजल्या की रुपयाच्या कप्प्यातून किती उचलायचं याचा आकडा नेमका काढता येतो: पुढच्या काही महिन्यांत भारताला द्यायची रक्कम, वजा त्याच काळात भारताकडून येणारे रुपये. त्याहून जास्त उचललं तर वरचे रुपये नुसतेच पडून राहतात आणि व्याज मात्र चालूच राहतं.