वळणावर वाहन उभे करणेही तितकेच धोक्याचे

चाळीसगावच्या कन्नड घाटात रस्त्याच्या मधली अखंड रेषा ओलांडून ओव्हरटेक करू नये, असे मत मांडले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र त्याला थांबण्याविषयीचा नियमही जोडायला हवा. वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर वाहन उभे करण्यास मनाई आहे, आणि इतरांना धोका वा अडथळा होईल अशा स्थितीत वाहन ठेवण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १२२ देखील प्रतिबंध करते. आपल्या रावेर-सावदा पट्ट्यात केळीने भरलेला ट्रक वळणावर उभा असला, की मागच्या चालकाला समोरचे काहीही दिसत नसताना उजवीकडे यावे लागते; म्हणजे जो ओव्हरटेक निषिद्ध आहे, तोच त्याच्यावर लादला जातो. शिवाय मागचे वाहन पुढे जात असताना आपला वेग वाढवू नये, हाही नियमच आहे, आणि तो फार थोडे चालक पाळतात याचे मला मनापासून वाईट वाटते.