टक् झालं, पण छर्रा सुटलाच नाही: तुमची बंदूक कधी रुसली?

गेल्या रविवारी रेंजवर लेकाची एअर रायफल मुकी झाली. ट्रिगर दाबला की नुसतं टक्. सर यायच्या आधी मीच बॅगेतून पाना काढला. तेवढ्यात शेजारच्या लेनमधली सातवी-आठवीतली मुलगी म्हणाली, "काका, ड्राय फायरवर आहे ती." आदल्या रात्री पठ्ठ्या भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यावर कोरडा सराव करत बसला होता, खटका तसाच राहिला. त्या खटक्यावर ट्रिगर अगदी खऱ्यासारखा लागतो, फक्त हवा सुटत नाही. पाना गुपचूप बॅगेत गेला.

आपल्या इंदुरात, माळव्यात आणि आसपास हवेच्या, गॅसच्या बंदुका बाळगणारे मराठी लोक बरेच आहेत. तुमच्याकडे काय निघालं, ते लिहा. फजितीसकट.
— रामबागेतला बाबा

*

आमच्याकडे याच्याही वरताण. हवेचा दाब दाखवणारं गेज १८० बार दाखवतंय आणि रायफल ढिम्म. आमचं गेज सिलिंडरच्याच टोकाला आहे, त्यामुळे सिलिंडरात हवा किती एवढंच ते सांगतं. ती पुढे पोचते का, हे त्याला ठाऊक नसतं. सिलिंडर शेवटचा अर्धा आटा फिरलाच नव्हता, त्यामुळे आतली पिन दबत नव्हती. हातानंच पूर्ण आवळलं, झालं काम.

पुढची चूक मात्र आमचीच आणि मोठी. काही महिन्यांनी जोडाशी बारीक फुस् यायला लागली, तर आमचे हे सियागंजच्या बाजारातून "मापाची" ओ-रिंग (जोडातली रबरी कडी) घेऊन आले, आणि वर ग्रीसचं बोट! सर असे ओरडले की बाजूच्या चार मुलांचे नेम चुकले. २०० बारच्या हवेजवळ साधं तेल-ग्रीस न्यायचं नसतं, दाबाखाली ते पेट घेऊ शकतं. सिलिकॉनचं ग्रीस चालतं, तेही नावाला. आणि ती ओ-रिंग दोन दिवसांत चिरली, ते वेगळंच. आता कंपनीचीच मागवतो. आठ दिवस थांबावं लागतं, थांबतो.

जाता जाता: सिलिंडरवरची तारीख बघून ठेवा. १० वर्षं उलटली की मोठ्या स्पर्धांत ते चालत नाही.
— नेमबाज मुलीची आई, लोकमान्यनगर

*

माझ्या पिस्तुलाचा ट्रिगर इलेक्ट्रॉनिक. बॅटरी संपली होती. एवढंच.
— कॉलेजकुमार, राजेंद्रनगर

*

लष्करातून लिहितोय. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून, फौजेतून नव्हे.

माझ्याकडे सीओटूवर, म्हणजे कार्बन डायऑक्साइडवर चालणारी आहे, १२ ग्रॅमची गॅसची नळी बसते ती. जानेवारीत सकाळी सातला गच्चीवर गेलो. पहिले दोन छर्रे डबड्यापर्यंत गेले, तिसरा वाटेतच पडला, चौथा बॅरलमध्येच अडकून बसला. मला वाटलं, सील गेलं. गॅसची नळी बदलली, पुन्हा तेच. दुकानदारानं "आत काम निघेल" म्हणून ठेवून घेतली आणि चार दिवसांनी तशीच परत दिली. त्याच्या दुकानात, दुपारच्या उन्हात, ती व्यवस्थित चालत होती ना!

मग भाच्यानं समजावलं. (तो केमिस्ट्री शिकवतो, त्यामुळे समजावतोच.) त्या नळीत द्रवरूप वायू असतो. २० अंशांना त्याचा दाब ५७-५८ बार असतो, पाच-सात अंशांना ४० च्या आसपास उतरतो. शिवाय भराभर झाडल्या की नळी आपली आपणच गार पडते. दोन छर्ऱ्यांमध्ये निवांत दम घेतला की बरीच सुधारते.

मे महिन्यात उलटं झालं. ३१ अंशांच्या वर तो द्रव राहतच नाही, दाब चढत जातो. आमच्याकडच्या पंचेचाळिशीत आतला हॅमर आपटायचा, पण त्या दाबापुढे त्याच्यानं व्हॉल्व्ह उघडेना. पुन्हा टक्! सावलीत ठेवली, संध्याकाळी सुरू. थोडक्यात, ग्वाल्हेरात ही बंदूक फेब्रुवारीत आणि नोव्हेंबरात चालते.
— दौलतगंजचे काका

*

मूळचा तुकोगंजचा, आता टोरांटोजवळ. इथं आम्ही एअरसॉफ्ट खेळतो: ६ मिमीच्या प्लास्टिकच्या गोळ्या, डोळ्यांवर गॉगल, आणि ग्रीन गॅस, म्हणजे मुळात प्रोपेन आणि त्यात थोडं सिलिकॉन तेल.

काकांचं वाचून हसलो, कारण मी अख्खा रविवार घालवलाय. रायफल बंद, म्हणून ट्रिगरचा डबा खोलला. एक स्प्रिंग उडाली ती सोफ्याखाली. रात्री दहाला ती सापडली तेव्हा लक्षात आलं की या रायफलीत गॅस बंदुकीत नसतोच, मॅगझिनमध्ये असतो. आणि मॅगझिन रात्रभर गाडीच्या डिकीत, शून्याखाली. जॅकेटच्या आत अर्धा तास ठेवलं, चालू. (हीटरवर ठेवू नका. गॅसचा डबा आहे तो.)

आता आधी मॅगझिन काढतो, त्यातल्या गोळ्या काढतो आणि मागचा व्हॉल्व्ह दाबून बघतो. जोरात फस्स झालं तर गॅस ठीक, दोष बंदुकीत: हॅमर पुरता मागे बसत नाही, नाहीतर व्हॉल्व्हवर ठोकणारा तुकडा झिजलाय. मिळमिळीत फुस् म्हणजे गॅस कमी किंवा गार. न दाबताच सूं सूं चालू असेल तर सील वाळलंय, सिलिकॉन तेलाचे दोन थेंब.
— भिया, परदेशातला

*

बॅटरीवाल्या दादा, हसण्यावारी नेऊ नका. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीतच बिघडलं. दुरुस्तीत वेळ गेला आणि १२ व्या क्रमांकावर राहून अंतिम फेरी हुकली. त्याच प्रकारात पॅरिसला, २०२४ मध्ये, ब्राँझ घेतलं तिनं. मी तेव्हापासून सुट्या बॅटऱ्या डब्यात ठेवते.
— वैशालीनगर

*

कुणी अजून हे लिहिलं नाही, म्हणून लिहितो. चालत नाही म्हणजे रिकामी आहे, असं नसतं.

आमचे बाबा सुदामानगरच्या घरात, हॉलमध्ये, "बघू काय झालंय" म्हणून रायफल मांडीवर घेऊन बसले. आत छर्रा होता, कॉकिंगचा लिव्हर मात्र शेवटपर्यंत बसला नव्हता. बाबांनी तो हिसका देऊन बसवला आणि ट्रिगर दाबून पाहिला. नशीब, नळी दाराकडे होती. दारावर कालनिर्णय टांगलेलं. छर्रा बरोबर संकष्टीतून आरपार, मागच्या लाकडात रुतला.

आईनं ते पान वर्षभर उलटलं नाही.