हाताने टिश्यू प्रोसेसिंग: ब्लॉकचा मधला भाग मऊ राहतोय, मदत हवी आहे

सूक्ष्मदर्शकासाठी पातळ काप घेता यावेत म्हणून ऊतीतलं पाणी काढून मेण भरायचं आणि मेणाचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक, करायचा. ते करणारं यंत्र (टिश्यू प्रोसेसर) नाही, काचेच्या बरण्यांत काम चालतं. ऊती टिकवायला फॉर्मलिन रात्रभर, मग पाणी काढायला ७०, ९० आणि दोनदा १०० टक्के अल्कोहोल, अल्कोहोल काढून मेणाला वाट करायला दोनदा झायलीन, ६० अंशांवर दोनदा मेण. प्रत्येकी एक तास. स्तनाचे तुकडे ५-६ मिमी जाड. कडा छान कापल्या जातात, मधे मात्र भोक पडतं. पहिलं झायलीन दुधाळ झालंय. अल्कोहोल सारखं बदलणं परवडत नाही. चुकतंय कुठे?

उत्तर १
झायलीन दुधाळ म्हणजे पाणी तिथवर पोचलं. पाणी उरलंय तिथे झायलीन शिरत नाही, आणि झायलीन नाही तिथे मेणही नाही. आधी जाडी ३ मिमीवर आणा, चरबीचा तुकडा त्याहून पातळ. चरबीला झायलीनही जास्त वेळ लागतं.

शेवटचं अल्कोहोल तपासायला परीक्षानळीत स्वच्छ झायलीन घ्या आणि ते अल्कोहोल थेंबथेंब टाका. गढूळ झालं तर ते १०० टक्के राहिलेलं नाही.

स्वस्त उपाय मोरचुदाचा. पोर्सिलिनच्या वाटीत पांढरी भुकटी होईपर्यंत तापवा, गार झाल्यावर शेवटच्या बरणीच्या तळाशी बोटभर थर द्या. वर दोन-तीन फिल्टर पेपर, मगच तुकडे. नाहीतर भुकटी ऊतीला चिकटते. भुकटी पाणी शोषून निळी दिसली की अल्कोहोल बदला. भुकटी तापवून परत वापरता येते, पण त्याआधी अल्कोहोल पूर्ण उडू द्या, नाहीतर भडका उडेल.

उत्तर २
सगळ्या बरण्या एकदम ओतू नका. १०० ची पहिली काढा, दुसरी तिच्या जागी सरकवा, ताजं फक्त शेवटी. काढलेलं ७० बनवायला चालतं. झायलीनचंही तसंच.

काटकसर फॉर्मलिनमध्ये मात्र नको. ऊतीच्या निदान दहापट हवं, आणि बफर (आम्लता स्थिर ठेवणारे क्षार) घातलेलं: बाजारचं फॉर्मलिन १०० मिली, पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. बफर नसेल तर फॉर्मलिन आम्लधर्मी होतं आणि रक्ताळ ऊतीत तपकिरी-काळे कण दिसतात. ते ऊतीतलंच रंगद्रव्य समजून फसायला होतं.

प्रश्नकर्ता
आभार! झालेल्या ब्लॉकचं काय? तुकडे परत मिळणार नाहीत.

उत्तर १
वाया गेले नाहीत. मेण वितळवून तुकडा काढा आणि उलटे जा: झायलीन दोनदा, १०० टक्के अल्कोहोल दोनदा. तिथून ताज्या अल्कोहोलने पुन्हा पुढे. झायलीनची बरणी मेणाच्या भट्टीजवळ उघडू नका. मेण ६० च्या वर नेऊन घाई केलीत तर तुकडा ठिसूळ होईल आणि कापताना भुगा पडेल.